सीलरचा डबा उघडण्याआधी फरशीला पाणी पाजून बघा

हॉटेलच्या स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कपड्यांच्या दुकानात नवी टाइल बसून वर्ष होत नाही तोच सांधे काळे पडायला लागतात. मालकाला वाटतं टाइलच खराब निघाली. बहुतेक वेळा टाइलला काहीच झालेलं नसतं. काळा पडलेला असतो तो दोन टाइलमधला २-३ मिलिमीटरचा सिमेंटचा पट्टा, म्हणजे ग्राउट. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पोछ्याचं मळकं पाणी, तेल, चहा, सांबार, सगळं तो पितो आणि धरून ठेवतो. सीलर म्हणजे या छिद्रांना आतून अस्तर देणारं किंवा वरून झाकण घालणारं द्रव्य.

मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, ते कुठल्याही जागेवर गेले की आधी तांब्याभर पाणी मागायचे. ते पिण्यासाठी नसायचं. फरशीवर उकिडवे बसायचे, पाच-सहा ठिकाणी चमचा-चमचा पाणी सोडायचे आणि घड्याळ बघत राहायचे. मला म्हणायचे, "फरशी पाणी प्यायली तर सीलर पिईल. नाही प्यायली तर सीलर वर पडून राहील आणि आपल्याला रडवेल." पुढे मी कंपन्यांची माहितीपत्रकं पुष्कळ वाचली, पण या कामाचं मर्म याहून थोडक्यात सांगितलेलं मला कुठे सापडलं नाही. पुढचं सगळं या दोन वाक्यांभोवतीच आहे.

आधी फरशी ओळखा

पाण्याची चाचणी मळक्या फरशीवर करू नका. तेलाचा किंवा साबणाचा थर असेल तर पाणी त्या थरावर थेंब धरून बसतं आणि फरशी पाणी पीत नाही असा खोटा निकाल मिळतो. हातभर जागा नीट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. मग चमचाभर पाणी टाइलच्या मध्यावर आणि चमचाभर सांध्यावर सोडा. दहा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला, तर तिथे पाणी आत गेलं. मिनिटभरातच डाग उमटला तर ती जागा फारच तहानलेली आहे, तिला सीलरही जास्त लागेल. काहीच उमटलं नाही तर तिथे सीलरचं काम नाही. हीच चाचणी ये-जा होते त्या वाटेवर, कोपऱ्यात, दाराशी आणि सिंकपाशी वेगवेगळी करा. एकाच खोलीत चार निकाल येऊ शकतात.

विट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते. म्हणजे ती जवळपास पीतच नाही. ग्लेझ असलेल्या टाइलवर तर काचेसारखा थर असतो. या दोन्हींना सीलर लागत नाही, लागतो तो फक्त त्यांच्या सांध्यांना. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो अख्ख्या विट्रिफाइड फरशीवर सीलर फिरवतो, सीलर वरच सुकतो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तिरिपीत सगळीकडे धुरकट पट्टे दिसतात.

कोटा, शहाबाद आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर त्यांचाच भाऊबंद. हे पाणी पितात आणि आम्लाने जळतात. न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी धुवा. चमक गेलेला फिका ठिपका दिसला, किंवा लिंबू टाकताना बारीक बुडबुडे आले, तर समजा की या फरशीवर आम्लाचं कुठलंही औषध चालणार नाही. एक गोष्ट मालकाला लेखी सांगून ठेवा: सीलरमुळे डाग आत जायला वेळ लागतो, पण लिंबाने दगड जळायचा थांबत नाही. ताकाचा किंवा लिंबू सरबताचा डाग हा अनेकदा डाग नसतो, ती दगडाला झालेली जखम असते.

मुंबईत १९२२ पासून बनत आलेल्या नक्षीदार सिमेंट टाइल्स जुन्या इराणी हॉटेलांत दिसायच्या, आता पुण्या-गोव्यातले नवे कॅफेही त्या हौसेने बसवतात. सगळ्यांत तहानलेली फरशी हीच. हिला ग्राउट भरण्याआधीच सीलरचा एक हात द्यावा लागतो, नाहीतर गडद रंगाचं ग्राउट टाइलच्या अंगात शिरतं आणि मग ते काढायला उपाय उरत नाही. टेराकोटाचंही, म्हणजे भाजक्या मातीच्या टाइलचंही, तेच.

सांध्यात एपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं ग्राउट भरलं असेल तर त्यालाही सीलर नको. ओळखायचं कसं? किल्लीच्या टोकाने हलकंसं खरवडा. सिमेंटचं ग्राउट असेल तर पूड निघते, एपॉक्सी प्लॅस्टिकसारखं कडक लागतं, पूड निघत नाही आणि पाण्यानेही गडद होत नाही.

माल किती लागेल

कोटेशन देण्याआधी हा हिशोब करा, कारण यात गिऱ्हाइकाचेही पैसे वाचतात आणि तुमचंही नाव राहतं. ६०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल आणि ३ मिलिमीटरचा सांधा असेल तर एकूण फरशीच्या फक्त १ टक्का जागा सांध्याची असते. १,००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर फरशीत सांध्याचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरही भरत नाही. मात्र त्या सांध्यांची लांबी जवळपास ३०८ मीटर होते. म्हणजे सीलर थोडा आणि गुडघ्यांवर बसून करायची मेहनत खूप. ३०० बाय ३०० ची टाइल आणि ५ मिलिमीटरचा सांधा घेतला तर सांध्याचा वाटा ३.२५ टक्क्यांपर्यंत जातो आणि लांबी दुप्पट, सुमारे ६१० मीटर होते. म्हणून सांध्यांच्या कामाचा भाव चौरस फुटावर लावू नये, धावत्या मीटरवर लावावा असं माझं ठाम मत आहे. दगडाच्या फरशीला मात्र डब्यावर लिहिलेल्या पसरणीवर विसंबू नका. एक चौरस मीटर प्रत्यक्ष करून बघा, किती मिलिलिटर प्यायली ते मोजा आणि त्यावर हिशोब करा.

कोणता सीलर

दुकानात तीस डबे दिसतील, पण मुळात जाती दोनच. एक आत मुरणारा, दुसरा वर थर धरणारा.

आत मुरणारे बहुतेक सीलर सिलेन, सिलॉक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमर या रसायनांचे असतात. ते छिद्रांच्या भिंतींना चिकटतात, छिद्र बुजवत नाहीत. त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते, फरशीचं रूप बदलत नाही, घसरणही फारशी वाढत नाही. वर थर धरणारे अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे असतात. ते चमक देतात, पण त्यांना ओरखडे पडतात, चालण्याच्या वाटेवर ते झिजतात, आणि तळमजल्यावर खालून ओल येत असेल तर फुगतात, दुधासारखे पांढरे पडतात. मग पुन्हा थर चढवण्याआधी जुना सगळा रसायनाने काढावा लागतो.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात थराचा सीलर लावू नये. ओल्या-तेलकट फरशीवर गरम कढई घेऊन माणसं धावत असतात. तिथे घसरण वाढवणं म्हणजे कोणाचा तरी हात-पाय मोडणं. शिवाय एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०११ च्या परवाना नियमांतली अनुसूची ४ स्वयंपाकाच्या जागेच्या फरश्या सुस्थितीत आणि साफ करायला सोप्या असाव्यात असं सांगतं. पापुद्रे सुटणारी फरशी त्यात कशी बसेल?

आता खरी निवड आत मुरणाऱ्यांमधली आहे, आणि इथे थोडं थांबून विचार करायला हवा. साधा सिलेन-सिलॉक्सेन पाणी अडवतो, तेल अडवत नाही. बाथरूम, पोर्च, दवाखान्याचा व्हरांडा इथे तो पुरतो. पण आपल्याकडे खाण्याच्या जागेत सांडतं काय? तर्री, फोडणीचं तेल, पावभाजीचं लोणी. तिथे डब्यावर 'पाणी व तेलरोधक' असं स्पष्ट लिहिलेला, सहसा फ्लोरो रसायनाचा सीलर घ्यावा. महाग असतो, तरी तोच घ्यावा. शंका असेल तर नमुन्याच्या तुकड्यावर लावून दोन दिवसांनी मोहरीच्या तेलाचा थेंब सोडा आणि तासभराने बघा. आणखी एक: सिलेन वाळूसारख्या सिलिकायुक्त पदार्थाला घट्ट धरतं, चुनखडीला तितकं धरत नाही. म्हणून कोटा-शहाबादसाठी घेताना डब्यावर चुनखडी किंवा संगमरवराचं नाव आहे का ते वाचा.

हळदीविषयी वेगळं सांगायला हवं. हळदीचा रंग क्षाराच्या संगतीत लालसर होतो. म्हणूनच पिवळा डाग साबणाने घासला की तो लाल दिसायला लागतो आणि पोरं घाबरतात. सिमेंटचं ग्राउट स्वतःच क्षारीय आहे. सीलर लावलेल्या सांध्यावरही हळदीचं तेल रात्रभर राहिलं तर डाग पडू शकतो; सीलर तुम्हाला पुसायला वेळ मिळवून देतो, माफी देत नाही. चांगली गोष्ट ही की हळद उन्हात उडते. दाराजवळचा डाग काही दिवसांत आपोआप फिका होतो.

पाण्यावर आधारित सीलरला वास कमी, चालू जागेत सोपा. सॉल्व्हंटवाला, म्हणजे थिनरसारख्या द्रवातला, घट्ट दगडात चांगला मुरतो असं मानतात, पण त्याची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात तो वापरायचाच असेल तर सिलिंडरचे रेग्युलेटर बंद, पायलटची ज्योत बंद, फ्रीजचे प्लग काढलेले, एक्झॉस्ट आधीपासून चालू आणि आत कोणीही विडी ओढणार नाही याची खात्री, इतकं झाल्याशिवाय झाकण उघडू नका. कापडी मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या.

सांधे जुने, रंग गेलेले पण मजबूत असतील तर रंगीत ग्राउट सीलर हा फार उपयोगी मार्ग आहे. तो सांध्याला एकसारखा रंगही देतो आणि झाकतोही. विट्रिफाइड फरशीच्या जुन्या दुकानांत मी तोच सुचवतो. पण सांधे पोकळ झाले असतील, नखाने भुगा निघत असेल, तर कुठलाच सीलर त्यांना वाचवणार नाही. ते खणून काढा आणि स्वयंपाकघर असेल तर एपॉक्सी भरा. एकदाच खर्च होतो.

तयारी

कामाचा तीन चतुर्थांश वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

सुरुवात दुरुस्तीने करा. लाकडी दांड्याने टाइल ठोकत फिरा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो ती टाइल खालून सुटलेली आहे. ती तशीच ठेवून सांध्याला सीलर लावला तर महिन्याभरात सांधा पुन्हा फुटतो. भिंत आणि फरशीच्या कोनात सिलिकॉन भरायचं असेल तर ते सीलरच्या आधी भरा, कारण सीलर लागलेल्या कडेला सिलिकॉन नीट धरत नाही.

नवं ग्राउट असेल तर घाई नको. काही सीलर तीन दिवसांनी चालतात, काहींना पूर्ण २८ दिवस हवे असतात. ग्राउटच्या पिशवीवर आणि सीलरच्या डब्यावर दोन्हीकडे वाचा आणि ज्याची मुदत जास्त ती पाळा.

मग धुणं. तेलकट जागेला क्षारीय डिग्रीजर, डब्यावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात. पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. सांधे नायलॉनच्या कडक ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण सांध्यात अडकतात आणि गंजाचे ठिपके उमटतात. घासलेलं काळं पाणी पोछ्याने फिरवत बसलात तर तेच पाणी सांधे पुन्हा पितात. ते ओल्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. व्हॅक्यूम भाड्याने मिळतो. नाहीच मिळाला तर वायपरने लगेच नाहाणीकडे ढकला. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा. शेवटच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा. नळाच्या पाण्याइतकाच रंग आला तर औषध निघालं. साबण राहिला तर सीलर आत शिरणार नाही, आणि दोष मात्र सीलरला दिला जाईल.

विट्रिफाइड टाइलवर सिमेंटचा पांढरा थर राहिला असेल तर सौम्य सल्फामिक आम्ल चालतं, तेही आधी सांधे पाण्याने भिजवून, म्हणजे ते आम्ल पिणार नाहीत, आणि नंतर भरपूर धुऊन. चुनखडीच्या दगडावर आणि सिमेंट टाइलवर आम्ल अजिबात नको. आणि कुठल्याही कारणाने आम्ल व ब्लीच एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरतो. सफाई करणाऱ्या मावशींनाही हे आवर्जून सांगा, कारण दोन्ही बाटल्या त्यांच्याच बादलीशेजारी असतात.

वाळवणं हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. वरून कोरडी दिसणारी फरशी आत ओली असते. पंखे लावून किमान २४ तास, स्वयंपाकघराला ४८. सांध्याचा रंग सगळीकडे सारखा फिका झाला पाहिजे. कुठे गडद पट्टा दिसत असेल तर तिथे पाणी आहे. तळमजल्यावर दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा फरशी गडद झाली तर खालून ओल येते आहे. ती थांबेपर्यंत सीलर लावू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो घेऊच नये. एका पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या घाईखातर मी कोट्याची फरशी पुरती न वाळवता सील केली. आठवड्यात सांध्यांकडेने पांढरी खार फुटली. सगळं पुन्हा धुऊन, वाळवून, स्वखर्चाने करून द्यावं लागलं. तेव्हापासून तारीख मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, फरशीला विचारतो.

चालू हॉटेलच्या हॉलसाठी वेळ असा बसवा: सोमवारी सुट्टी असेल तर रविवारी रात्री धुणं, सोमवार पूर्ण वाळवण, मंगळवारी सकाळी सीलर, बुधवारी गिऱ्हाईक. एवढे दिवस बंद ठेवणं जमत नसेल तर हॉल दोन भागांत करा. स्वयंपाकघराला वाळवणाचा एक दिवस जास्त धरा आणि ते भागांत करायला जाऊ नका, तेल उडतंच.

लावणं

कोपऱ्यात एक टाइल आणि तिचे चारी सांधे नमुन्यादाखल करा, २४ तास थांबा, मालकाला दाखवा. दगड गडद करणारा सीलर असेल तर कोटा कायमचा भिजल्यासारखा दिसतो. काहींना ते आवडतं, काहींना नाही. हे नंतर नको, आधीच कळावं.

दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि दाराकडे मागे सरकत या. एका वेळी दोन माणसांना पुसता येईल एवढाच तुकडा घ्या, साधारण ४० ते ५० चौरस फूट. सांध्यांसाठी पाऊण इंची ब्रश किंवा चाक असलेली बाटली. दगडासाठी मायक्रोफायबरचा पॅड. डबा हलवा, पण सीलरमध्ये पाणी घालू नका. फरशी गार असू द्या. ऊन आलेल्या भागात सीलर मुरण्याआधीच उडतो.

सीलर लावला की तो ५ ते १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. एखादी जागा लगेच पिऊन टाकत असेल तर तिथे ओल्यावरच आणखी द्या. वेळ झाली की टाइलवर आणि सांध्यावर राहिलेला सगळा सीलर कोरड्या मायक्रोफायबरने पुसून काढा. कापड भिजलं की बदला. १,००० चौरस फुटांना वीस-पंचवीस कापडं लागतात, जवळ रचून ठेवा. पुसणारा माणूस लावणाऱ्यापेक्षा जास्त अनुभवी असावा असं मी मानतो, कारण काम बिघडतं ते पुसण्यात. जास्त लावला म्हणजे जास्त टिकेल हा समज मनातून काढा. फरशीने घेतला तेवढाच कामाचा, वर राहिलेला चिकट होतो आणि धूळ धरतो.

एखादा पट्टा सुटला आणि सुकून धुरकट झाला तर त्याच सीलरने कापड ओलं करून त्यावर फिरवा, म्हणजे सुकलेला थर मऊ होतो, आणि तो लगेच कोरडा पुसा. हे त्याच दिवशी सोपं असतं. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर घासघास करावी लागते.

दुसरा हात लागतो का? पहिला वाळल्यावर पुन्हा पाण्याची चाचणी करा. फरशी अजून पीत असेल तर द्या, नाहीतर नको. चालण्यासाठी काही तास, पाण्यासाठी साधारण एक दिवस आणि तेलासाठी तीन दिवसांपर्यंत मुदत लागू शकते. नेमके तास डब्यावर असतात. सॉल्व्हंटची कापडं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. उघड्यावर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नंतरची राखण

रोजच्या पोछ्याला पीएच ७ च्या आसपासचा न्यूट्रल क्लीनर. टॉयलेटचं आम्ल फरशीवर फिरवण्याची सवय मोडली नाही तर महागातला सीलरही सहा महिने काढणार नाही, आणि त्याच्याबरोबर सांध्याचं सिमेंटही जाईल. पोछ्याचं पाणी गढूळ झालं की बदलायचं, एवढं एक जरी पाळलं तरी फरक दिसतो.

पाण्याचे मोत्यासारखे थेंब उभे राहत नाहीत म्हणजे सीलर संपला, असं नव्हे. पायांच्या घर्षणाने वरची थेंब धरायची शक्ती आधी जाते, आत अस्तर शाबूत असतं. दर तीन महिन्यांनी चाचणी करा आणि फक्त एवढंच बघा की दहा मिनिटांत खाली गडद होतं का. माझ्या अनुभवात स्वयंपाकघराला सहा महिने ते वर्षभराने, हॉलला वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा फक्त काउंटरसमोरच्या आणि दारातल्या वाटेलाच.

काम संपल्यावर मालकाला एका कागदावर सीलरचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तारीख, नमुन्याची जागा आणि किती लिटर लागला ते लिहून द्या. पुढच्या वेळी दुसराच कोणी आला तरी त्याला खाली काय आहे ते कळेल. अर्धा लिटर सीलर दुरुस्तीसाठी तिथेच ठेवा, उन्हापासून दूर. ट्रेमध्ये उरलेला मात्र पुन्हा मूळ डब्यात ओतू नका. त्यात फरशीची धूळ आणि ओल गेलेली असते, आणि ती सगळा डबा खराब करते.